खुर्चीचे भांडण आणि रस्त्याचा हक्क

क्रिकेटचा इतिहास लिहिणारे धावा मोजतात, बळी मोजतात, फार तर मैदानातल्या खुर्च्या मोजतात. सामना पाहायला आलेला माणूस मैदानापर्यंत पोचला कसा आणि नंतर घरी गेला कसा, याची नोंद क्वचितच सापडते. मुंबईतल्या जातवार क्रिकेट सामन्यांचा इतिहास वाचताना मला ही उणीव वारंवार जाणवली. महाराष्ट्रात मोठ्या मैदानांवरून तीन गाजलेले वाद झाले: १९३७ मध्ये ब्रेबर्नवर, १९७० च्या दशकात पुन्हा ब्रेबर्नवर आणि नंतर पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर. तिन्ही वाद तिकिटांच्या आणि खुर्च्यांच्या वाटपाचे होते. त्यातल्या दोन भांडणांतून नवी मैदाने उभी राहिली. रस्ता, पार्किंग, स्टेशन, फाटकाबाहेरची मोकळी जागा हा यातल्या कोणत्याही भांडणाचा मुद्दा नव्हता. त्याची किंमत कोण मोजतो, ते या लेखात पाहू.

भरावावरचे मैदान, शेवटचे स्टेशन

भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाला. लाला अमरनाथ यांनी तिथे ११८ धावा काढल्या, कसोटीतले भारताचे ते पहिले शतक. जिमखाना गोऱ्यांचा होता, हिंदी माणसाला तिथे सभासदत्व नव्हते. मोठ्या गर्दीसाठी कायमची बैठकव्यवस्थाही नव्हती, तंबू आणि तात्पुरत्या मांडवांवर भागवावे लागे. भारतीय क्रिकेटला स्वतःचे मैदान हवे, असा आग्रह क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे अँथनी डिमेलो यांनी धरला. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्याकडून क्लबला चर्चगेटजवळ सुमारे ९०,००० चौरस यार्ड जागा मिळाली. दर होता चौरस यार्डाला साडेतेरा रुपये. मे १९३६ मध्ये कोनशिला बसली आणि डिसेंबर १९३७ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमचे उद्घाटन झाले.

ही जागा समुद्रात भराव घालून मिळवलेली होती. बॅकबे रेक्लमेशनची ती योजना खर्चात बुडालेली आणि बदनाम होती. तिच्यातला गैरव्यवहार के. एफ. नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला होता. त्याच योजनेने रेल्वेचा नकाशाही बदलला. बी. बी. सी. आय. रेल्वेची लाइन पूर्वी चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जात असे. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या, पण भरावाच्या योजनेत पुढची लाइन गेली आणि १९३० च्या अखेरीस कुलाबा स्टेशन बंद झाले. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल उघडले आणि उपनगरी गाड्यांचे शेवटचे स्टेशन चर्चगेट ठरले.

हा निव्वळ योगायोग, पण मैदानासाठी तो फार मोलाचा होता. मधल्या स्टेशनावर गाडी आधीच भरून येते, त्यामुळे मैदानातून आलेली गर्दी फलाटावर तुंबते. शेवटच्या स्टेशनावर गाडी रिकामी होते, तिथूनच परत फिरते आणि दर काही मिनिटांनी फलाटावरची गर्दी उचलून नेते. ब्रेबर्नच्या प्रेक्षकाला रस्ता ओलांडला की अशी गाडी मिळत होती. जोडीला १९०७ पासून विजेवर चालणाऱ्या ट्राम होत्या आणि १९२६ पासून बसगाड्या होत्या. मोटार ही थोड्या श्रीमंतांची वस्तू होती. मुंबईच्या क्रिकेटचा प्रेक्षक चालत आणि गाडीने येणारा होता. मैदानाची सोयही त्याच्याच बेताची होती, जरी ती कोणी मुद्दाम केलेली नव्हती.

जिमखान्यांच्या खुर्च्या

ब्रेबर्न उघडले त्याच वर्षी पहिले भांडण झाले. मुंबईत तेव्हा धर्मवार संघांचे सामने होत. पारशी आणि युरोपियनांपासून सुरुवात झाली, १९०७ मध्ये हिंदू आणि १९१२ मध्ये मुसलमान आले. १९३७ मध्ये ‘इतर’ नावाचा पाचवा संघ आला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. हिंदू, पारशी आणि इस्लाम जिमखाने आपापल्या सभासदांसाठी तिकिटे घेत. ब्रेबर्नवर कोणाला किती जागा, यावरून हिंदू जिमखान्याचा क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी वाद झाला. जास्त हिस्सा मिळाला नाही म्हणून त्या वर्षी हिंदू संघ खेळलाच नाही. नव्या मैदानावरची पहिली पंचरंगी स्पर्धा हिंदू संघाशिवाय झाली आणि मुसलमान संघाने ती जिंकली.

पुढे ही स्पर्धा बंद करावी की नाही यावर मोठी चर्चा झाली. १९४० मध्ये गांधीजींनी तिच्याविरुद्ध मत दिले. तरीही सामने होत राहिले आणि ब्रेबर्न भरत राहिले. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमान संघाने हिंदू संघाला एका गड्याने हरवले. के. सी. इब्राहिम नाबाद १३७ धावा काढून परतले. १९४६ मध्ये स्पर्धा कायमची बंद झाली.

या सामन्यांबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. कोणी त्यांत फाळणीची चाहूल पाहतो, कोणी जुन्या सलोख्याची आठवण काढतो. मला इथे एवढेच नोंदवायचे आहे की मैदानाच्या आत जागा जिमखान्यांप्रमाणे वाटल्या जात, पण घरी जायची वाट तशी वाटलेली नव्हती. लोकलचे डबे वर्गवार होते, धर्मवार नव्हते. एका गड्याने हरलेला आणि एका गड्याने जिंकलेला प्रेक्षक एकाच फलाटावर उभा राहत होता. यामुळे त्यांच्यात प्रेम वाढले असे मी म्हणणार नाही, दंगली त्याही काळात होत होत्या. पण आत जे सामायिक ठेवता आले नाही, ते फाटकाबाहेर सामायिक होते. कोणी त्याची दखल घेतली नाही, कारण त्यासाठी कोणाला भांडावे लागले नव्हते.

वानखेडे: दुसरे भांडण

दुसरे भांडण क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यातले. मैदान क्लबचे आणि सामने असोसिएशनचे, त्यामुळे तिकिटांच्या वाट्यावरून कुरबूर कायमचीच होती. आमदारांच्या एका मदतनिधी सामन्याला क्लबने नकार दिल्यावर ती तुटेपर्यंत ताणली गेली. क्लबच्या अध्यक्षपदी विजय मर्चंट होते. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे तेव्हा विधानसभेचेही अध्यक्ष होते. त्यांनी स्वतःचे मैदान बांधायचे ठरवले. आर्किटेक्ट शशी प्रभू यांच्या आराखड्यावर वर्षभराहून थोड्या अधिक काळात वानखेडे स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. ब्रेबर्नवर त्यानंतर थेट डिसेंबर २००९ मध्ये कसोटी परतली.

त्या पहिल्याच सामन्यात क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. त्यांचे अभिनंदन करायला एक तरुण मैदानात धावला आणि पोलिसांनी त्याला मारहाण केली. ते पाहून स्टँड खवळले, जाळपोळ झाली आणि त्या दिवशी खेळ पुढे होऊ शकला नाही. खुर्च्या पुरेशा असून भागत नाही, गर्दीशी वागायचे कसे हेही ठरवावे लागते, हे पहिल्याच सामन्यात दिसले.

वानखेडेची जागा मात्र पुन्हा नशिबाने चांगली निघाली. ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर, चर्चगेट आणि मरीन लाइन्स यांच्यामध्ये, रेल्वेच्या रुळांना लागून. संस्थांचे भांडण झाले तरी प्रेक्षकाचे स्टेशन बदलले नाही. सामन्याच्या दिवशी वाहतूक पोलीस आसपासचे रस्ते ‘नो पार्किंग’ करतात आणि लोकलने या असे सांगतात. मीही वानखेडेला नेहमी लोकलनेच गेलो. गाडी न्यायचा विचार करायला तिथे जागाच नाही.

थोडे गणित

जागा नाही म्हणजे किती नाही, ते पाहू. २०११ च्या विश्वचषकासाठी झालेल्या पुनर्बांधणीनंतर वानखेडेत सुमारे ३३,००० माणसे बसतात. सगळे चारचाकीने आले आणि प्रत्येक गाडीत चारजण बसले असे धरू. म्हणजे ८,००० हून जास्त गाड्या. गाडी उभी राहण्याची आणि वळण्याची जागा मिळून एका गाडीला साधारण २५ चौरस मीटर लागतात. एकूण झाले दोन लाख चौरस मीटर, म्हणजे जवळपास ५० एकर. ब्रेबर्नसाठी मिळालेली सगळी जागा १९ एकरांच्या आत होती. प्रत्येकाच्या गाडीची सोय करायची तर मैदान, स्टँड आणि क्लब यांच्या अडीचपटीहून मोठे पार्किंग लागेल.

पार्किंग मिळाले तरी बाहेर पडण्याचा प्रश्न उरतो. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावर एका लेनमधून तासाला ७००-८०० गाड्या पुढे सरकतात. चार लेन मोकळ्या दिल्या तरी ८,००० गाड्या निघायला अडीच तास लागतात. आता पायी माणसाकडे पाहू. १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानातून बाहेर पडताना जिन्यावर ६६ माणसे चेंगरून मेली. त्यानंतर १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘ग्रीन गाइड’ नावाची नियमपुस्तिका आली. अशा नियमांत सपाट वाटेवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसे धरतात, जिन्यावर त्याहून कमी. म्हणजे तीन मीटर रुंद लेन चालणाऱ्यांना दिली तर मिनिटाला २४० माणसे जातात. तीच लेन गाड्यांना दिली, प्रत्येक गाडीत चारजण धरले, तरी मिनिटाला पन्नासच्या आसपासच जातात.

गर्दीच्या वेळी बारा डब्यांची लोकल चार-साडेचार हजार माणसे नेते, दाटीवाटीने का होईना. अख्खे वानखेडे आठ गाड्यांत रिकामे होऊ शकते. रात्रीच्या सामन्यांनी मात्र या सोयीवर ताण आणला. १९९६ च्या विश्वचषकात भारत-ऑस्ट्रेलिया सामना इथे प्रकाशझोतात झाला आणि २००८ पासून आयपीएल आली. सामना साडेअकराच्या पुढे लांबतो आणि चर्चगेटहून शेवटची लोकल एकच्या सुमारास सुटते. विरार किंवा कल्याणच्या माणसाला शेवटचे षटक सुरू असताना घड्याळ पाहावे लागते. ज्याची गाडी खाली उभी आहे, त्याला तशी घाई नसते.

ब्रुकलिनची गोष्ट

वाहतुकीच्या प्रश्नावरून मैदान हलल्याचे उदाहरण पाहायचे तर अमेरिकेत जावे लागते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या बेसबॉल संघाचे नाव डॉजर्स. हे नाव ‘ट्रॉली डॉजर्स’ यावरून आले, म्हणजे रस्त्यावरच्या ट्राम चुकवत चालणारे लोक. १९१३ मध्ये उघडलेले त्यांचे एबिट्स फील्ड हे मैदान ट्रामच्या आणि चालणाऱ्यांच्या काळातले होते. तिथे सुमारे ३२,००० प्रेक्षक बसत, गाड्या मात्र ७०० च्या आसपासच मावत. दुसऱ्या महायुद्धानंतर पैसेवाला प्रेक्षक मोटार घेऊन उपनगरात राहायला गेला आणि ट्रामच्या काळातले मैदान त्याला गैरसोयीचे वाटू लागले.

संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांना आधी ब्रुकलिनमध्येच, रेल्वेच्या टर्मिनसशेजारी, नवे मैदान हवे होते. शहराच्या बांधकामांवर पकड असलेल्या रॉबर्ट मोझेस यांनी ती जागा मिळू दिली नाही, क्वीन्समधली दुसरी जागा पुढे केली. १९५७ चा हंगाम संपल्यावर संघ ब्रुकलिन सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला लॉस एंजेलिसला गेला. तिथे १९६२ मध्ये डॉजर स्टेडियम उघडले. प्रेक्षक ५६,००० आणि गाड्यांची जागा १६,०००. ट्राम चुकवणाऱ्यांच्या नावाचा संघ मोटारींच्या समुद्रात जाऊन बसला.

ती टेकडी रिकामी नव्हती. चावेझ रवीन नावाच्या त्या भागात मेक्सिकन वंशाच्या गरीब कुटुंबांच्या तीन वस्त्या होत्या. सरकारी घरे बांधायची म्हणून १९५० च्या सुमारास त्यांना उठवायला सुरुवात झाली, मग घरांची योजनाच गुंडाळली गेली आणि जमीन मैदानाला मिळाली. शेवटची कुटुंबे मे १९५९ मध्ये पोलिसांनी ओढून बाहेर काढली. पार्किंगची जागा कोणाच्या तरी घराची, शेताची किंवा रस्त्याची असते. ती फुकट मिळाली असे वाटते, तेव्हा किंमत दुसऱ्याने भरलेली असते.

गहुंजे: तिसरे भांडण

पुण्यात नेहरू स्टेडियम स्वारगेटजवळ, शहराच्या मधोमध आहे. बाहेर पडले की एसटी आणि शहर बस मिळते. मैदान महापालिकेचे आणि सामने महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे, म्हणजे पुन्हा ब्रेबर्नसारखीच जोडी. तिकिटांच्या वाटपावरून दोघांत वाद झाला आणि असोसिएशनने स्वतःचे मैदान बांधायचे ठरवले. २०१२ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्या कडेला गहुंजे इथे ते सुरू झाले.

इमारत देखणी आहे, पण या वेळी नशिबाने साथ दिली नाही. चर्चगेटसारखे स्टेशन फाटकाशी नाही. देहूरोड आणि बेगडेवाडी ही पुणे-लोणावळा मार्गावरची जवळची स्टेशने, पण तिथून मैदान चालत गाठणे सोपे नाही आणि गाड्याही मोजक्या. त्यामुळे गहुंजेचा प्रेक्षक मुख्यतः गाडीवाला. चारचाकी किंवा दुचाकी नसलेल्या कॉलेजच्या पोराला सामन्याचे तिकीट परवडले तरी परतीची वाट परवडत नाही. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ मध्ये सायन-पनवेल महामार्गालगत झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तो तिथेच. तिथे निदान हार्बरची लोकल आवाक्यात आहे. गहुंजेला तेवढाही आधार नाही.

तीनही वेळा भांडणाऱ्यांकडे खुर्च्या होत्या, म्हणजे वाटण्यासारखे काही होते. जिमखान्यांना सभासदांसाठी, क्लबला क्लबसाठी, आमदारांना आणि नगरसेवकांना आपल्या माणसांसाठी खुर्ची हवी होती. या सगळ्यांच्या गाड्या फाटकापर्यंत जात असत. चालत येणाऱ्याच्या वतीने बैठकीत बसलेले कोणी नव्हते.

रस्त्याचा हक्क

इस्लामी शिकवणीत रस्त्याचा हक्क ही कल्पना आहे. रस्त्यावर बसायचेच असेल तर त्याचा हक्क अदा करा, कोणाला त्रास देऊ नका, आणि वाटेतला काटा किंवा दगड बाजूला करणे हाही ईमानचाच भाग आहे, असे पैगंबरांनी सांगितल्याचे मुसलमान घरांत लहानपणापासून ऐकवले जाते. आम्ही मुसलमान ते नेहमी पाळतो असे नाही. मशिदीबाहेर शुक्रवारी आडव्यातिडव्या लावलेल्या दुचाक्या पाहिल्या की ते कळते. पण ही शिकवण कशी पाळता येते, याचे चांगले उदाहरण याच मुंबईत आहे. २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले. मुस्लिम संघटनांनी जुलूस २९ तारखेला काढायचे ठरवले आणि सरकारने त्या दिवशी सुट्टी दिली. रस्ता तोच राहिला, वेळ वाटून घेतली. वाहतूक व्यवस्थापनाचा याहून स्वस्त आणि शहाणा उपाय नाही.

याच्या उलट उदाहरण ४ जून २०२५ चे. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आयपीएल विजयाच्या सोहळ्याला लाखोंचा जमाव लोटला. मैदानाची क्षमता ३५ हजारांच्या आसपास. फाटकांपाशी चेंगराचेंगरी होऊन ११ माणसे मेली, त्यांत बरेच तरुण होते. तिथे मेट्रोचे स्टेशन जवळच होते. म्हणजे नुसते स्टेशन असून पुरत नाही. स्टेशन माणसे आणते त्या वेगाने फाटक आत घेऊ शकत नसेल, तर मधल्या रस्त्यावर माणसाला थांबायला जागा आणि सांगायला कोणीतरी हवे. कोणाला किती वाजता कुठून आत घ्यायचे, हे आदल्या दिवशी ठरायला हवे. गर्दी बेशिस्त होती असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

करण्यासारखे उपाय जगाने करून पाहिलेले आहेत. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीत सामन्याच्या तिकिटावरच त्या दिवशीचा शहरातला प्रवास करता येत असे. आपल्याकडे वानखेडेच्या तिकिटाला लोकलचे परतीचे तिकीट जोडणे अवघड नाही. रात्रीचा सामना लांबला तर शेवटची लोकल त्याच्या हिशेबाने सुटावी, हेही आयोजकाने रेल्वेशी आधी ठरवावे आणि त्याचा खर्च सोसावा. २०२५ पासून चर्चगेटला भुयारी मेट्रोही आली आहे. दुसरीकडे २०२४ मध्ये सुरू झालेल्या सागरी किनारा मार्गाने मरीन ड्राइव्हवर जास्त गाड्या आणून सोडल्या आहेत. सामन्याच्या दिवशी मरीन ड्राइव्ह कोणाचा, मेट्रोतून उतरलेल्यांचा की गाडीतून आलेल्यांचा, हे ठरवावे लागणार आहे.

ठाणे जिल्ह्यात एक लाख प्रेक्षकांचे नवे मैदान बांधण्याची चर्चा गेली काही वर्षे सुरू आहे. वरचेच गणित लावले तर एक लाख माणसांच्या गाड्यांना दीडशे एकरांहून जास्त जागा लागेल. ती कोणाच्या तरी शेतातून येईल. तिकिटांचा वाटा कोणाला किती, यावर संस्था भांडतील आणि ते भांडण वर्तमानपत्रात येईल. त्याआधी आपण नागरिकांनी एक साधा प्रश्न विचारायला हवा: रात्री बारा वाजता सामना संपल्यावर, ज्याच्याकडे गाडी नाही तो माणूस घरी कसा जाणार? ब्रेबर्नला आणि वानखेडेला या प्रश्नाचे उत्तर योगायोगाने मिळाले होते. नव्या मैदानाच्या आराखड्यात ते पहिल्या पानावर लिहिलेले असावे.